शालन काठावर उभी आहे

फोन आला तेव्हा नंदू वांगी चिरत होता. कारखान्यातल्या पहिल्या पाळीवरून दुपारी घरी यायचं, चहा घ्यायचा आणि स्वयंपाकाला लागायचं, हा त्याचा रोजचा क्रम. त्याच्या बायकोच्या, आसावरीच्या ऑफिसमधला कोणी अमित बोलत होता, हिंदीत. "सर, आप घर पे हैं? अकेले हैं?" नंदूला वाटलं कुरिअरवाला आहे. तो म्हणाला, "हाँ, गेट पे रख दो." मग अमितने सांगितलं, मॅडमना मीटिंगमध्ये चक्कर आली, इस्पितळात आणलंय, तुम्ही या.

नंदूने गॅस बंद केला. वांगी काळी पडू नयेत म्हणून पाण्यात घातली आणि निघाला. रिंग रोडवर रिक्षा जागची हलत नव्हती. "स्वल्प ट्रॅफिक सार, स्वल्प," रिक्षावाला म्हणत राहिला. तो पोचला तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. डोक्यातली शीर फुटली होती. रात्री आसावरीची धाकटी बहीण श्वेता त्याच्याबरोबर घरी आली, तेव्हा वांगी पातेल्यात तशीच तरंगत होती, पांढरीशुभ्र.

आसावरी पुण्याची, नंदू निपाणीचा. ती बंगळूरात मारतहळ्ळीच्या एका टेक पार्कमध्ये कामाला होती. तो महादेवपुराच्या औद्योगिक वसाहतीत, एका यंत्रभागांच्या कारखान्यात तपासणीचं काम करायचा. भाग हातात घ्यायचा, गेज लावून मोजायचा, पास नाहीतर नापास. मोजल्याशिवाय तो कशावर विश्वास ठेवत नसे, आणि आसावरी त्यावरून त्याची थट्टा करायची. "चपातीला पण गेज लावतोस का रे?" "पोळी म्हणणाऱ्यांनी चपातीबद्दल बोलू नये," तो म्हणायचा.

आसावरीला व्हिडिओ गेमचा नाद होता. त्यातही एक गेम तिचा जीव की प्राण. इंग्रजी नाव लांबलचक होतं, घरात त्याला 'नदीवाला' म्हणत. जुन्या काळातलं एक राज्य, त्यातून वाहणारी मोठी नदी, आणि तलवार घेऊन फिरणारी एक नावाडीण. तिचं नाव खेळणाऱ्याने ठेवायचं असतं. आसावरीने ठेवलं शालन. "असल्या बायकांची नावं म्हणजे परफ्यूमच्या बाटल्या नुसत्या," ती म्हणाली होती. "आमची शालन. बास."

त्या गेममध्ये पदोपदी निर्णय घ्यावे लागत. ह्याला वाचवायचं की त्याला, खरं सांगायचं की लपवायचं. आणि जे ठरेल ते कायमचं धरूनच गोष्ट पुढे चाले. आसावरीला लढाया जमत, निर्णय जमत नसत. म्हणून या घरात खेळायची एक पद्धत पडून गेली. ती हॉलमध्ये सोफ्यावर बसून खेळायची. नंदू स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून, टीव्हीकडे पाठ करून काहीतरी चिरत किंवा लाटत असायचा. निर्णयाची वेळ आली की ती गेम थांबवून ओरडायची, "नंदू, काय करू? चोराला सोडू की धरून देऊ?"

"चोरलं काय त्याने?"

"कोंबडी."

"मग सोड."

आणि ती सोडायची. त्याचं उत्तर तिने कधी बदललं नाही. एकदा तव्यावरची चपाती करपली असताना तिने विचारलं, गावाचं काय करू, आणि तो वैतागून म्हणाला, "जाळ." तिने जाळलं. त्या दिवशी दोघं न बोलता जेवले.

"अगं, चेष्टा केली मी."

"मग मी विचारल्यावर चेष्टा करायची नाही," ती म्हणाली. तिचे डोळे खरोखर भरले होते.

असा तो सगळा गेम संपला. निर्णय सगळे नंदूचे, आणि त्याने शालनचा चेहरा धड पाहिलेलासुद्धा नव्हता.

दुसरा भाग येणार म्हणून तिने उन्हाळ्यातच आगाऊ मागणी नोंदवली होती. श्रावणात ती गेली. गेम आला मार्चमध्ये, आपणहून, टीव्हीखालच्या त्या काळ्या डब्यात उतरून बसला. रविवारी श्वेता कोरमंगलाहून स्कूटरवर आली होती, तिनेच तो पाहिला.

"जिजू, ताईचं जुनं सेव्ह आहे यात. पहिल्या भागातले सगळे निर्णय पुढे आणता येतात. आणू?"

"तू खेळ."

"मी नाही. मला रडू येईल." तिने बटणं दाबली. पडद्यावर नदी आली, धुकं आलं, आणि एक बाई पाठमोरी चालू लागली. खांद्यावर वल्हं, कमरेला तलवार. खाली नाव आलं, शालन. श्वेताने कंट्रोलर नंदूच्या हातात दिला आणि नाक पुसत ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून येऊन त्याने खेळायला घेतलं. चालायचं कसं, वार कसा करायचा, हे जमायला वेळ लागला. पण जमलं. वेशीपाशी एक पळपुटा शिपाई सापडला. पडद्यावर दोन पर्याय आले, सोडायचं की परत पाठवायचं, आणि त्याखाली वेळ संपत जाणारी पट्टी. नंदूने 'सोड' वर नेऊन बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पट्टी मध्येच थांबून राहिली. शालन पाठमोरी उभी, वाऱ्याने तिचा पदरासारखा कपडा हलत होता, म्हणजे गेम अडकलेला नव्हता.

त्याने सेल बदलले, श्वेताला फोन केला. ती म्हणाली बंद करून चालू करा. तेही केलं. शेवटी कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या म्हणून तो उठला, गॅस बारीक केला आणि ओट्यापाशीच पुटपुटला, "सोड ना त्याला, कशाला अडवतेस."

हॉलमध्ये शिपायाची पावलं पळत गेली.

कारखान्यात विचित्र माप आलं की पुन्हा मोजायचं असतं. पुढच्या निर्णयाला त्याने सोफ्यावर बसून मोठ्याने उत्तर दिलं. काही नाही. स्वयंपाकघरात उभा राहून टीव्हीकडे बघत दिलं. काही नाही. मग तो ओट्याकडे वळला, सुरी हातात घेतली, टीव्हीकडे पाठ केली आणि म्हणाला, "म्हातारीला दे ते धान्य."

मागे पोत्याचा आवाज झाला. म्हातारी आशीर्वाद देऊ लागली.

श्वेता म्हणाली आवाजावर चालायची सोय चालू राहिली असेल, आणि फोनवरून सांगून तिने ती त्याच्याकडून बंद करून घेतली. आसावरीने कधी लावलेला एक माइक होता, तोही त्याने काढून कपाटात टाकला. फरक पडला नाही.

त्याला भीती वाटली नाही. उलट त्या आठवड्यात तो कितीतरी महिन्यांनी नीट जेवला. भरली वांगी केली, कोशिंबीर केली. प्रश्न वाचायचा, ओट्यापाशी जायचं, कांदा घ्यायचा, उत्तर द्यायचं. मध्येच तो नुसतं बोलूही लागला, आज कारखान्यात काय झालं, निपाणीहून आईचा फोन आला होता, रोज विचारते जेवलास का. ते कुणी ऐकल्याचं काही दिसत नसे. फक्त निर्णय तेवढे ऐकले जात.

मग एका गावात विहीर लागली. तिचं पाणी पिऊन माणसं आजारी पडत होती. बुजवायची की राहू द्यायची? नंदूने कोथिंबीर निवडता निवडता सांगितलं, "बुजव."

सकाळी नळाला पाणी नव्हतं. खाली वॉचमन मंजुनाथ मोटरपाशी उभा होता. दिवाळीनंतर कामाला लागलेला, विजयपुराकडचा पोरसवदा माणूस. "बोअर गेला सार. नीरु इल्ला. काल संध्याकाळपर्यंत चांगला होता." मार्चमध्ये बंगळूरात बोअर आटतात, त्यात नवल काय. नंदूने सोसायटीच्या लोकांबरोबर टँकर मागवला आणि कामावर गेला. पण त्या दिवशी एक भाग त्याने पास केला आणि मग परत मागवून पुन्हा मोजला.

पुढच्या निर्णयाला त्याने बराच वेळ घेतला. किल्ल्याच्या दारावर एक पहारेकरी होता. कित्येक वर्षं घरी गेलेला नव्हता, रजा मागत होता. त्याला ठेवायचं की जाऊ द्यायचं? यात कुणाचं काय बिघडणार, असं म्हणून नंदू ओट्याकडे गेला. कुकर शिट्ट्या देत होता. "जाऊ दे बाई त्याला घरी," तो म्हणाला.

सकाळी गेटवर कुणी नव्हतं. मंजुनाथच्या खोलीला कुलूप. नंदूने फोन लावला, कन्नडमध्ये बोलला. मंजुनाथ बसमध्ये होता, आवाज खुशीत.

"न सांगता गेलास होय रे?"

"सांगून आलो की सार! तुमच्या घरीच सांगितलं."

"माझ्या घरी?"

"काल संध्याकाळी आलो होतो, टँकरचं विचारायला. मॅडमनी दार उघडलं. मी म्हटलं, अक्का, बायको बाळंत झालीय, गावी जाऊ का. मॅडम म्हणाल्या, थांब, विचारते. मग तुम्हीच आतून म्हणालात ना, जाऊ दे घरी. मी ऐकलं की."

नंदू जिन्यात उभा होता. त्याने कठडा धरला.

"कोण मॅडम, मंजुनाथ?"

"तुमच्या मॅडम, सार."

"कशा दिसत होत्या?"

पलीकडे बसचा हॉर्न वाजला. "चेहरा नाही बघितला सार. दार उघडलं, पण त्या आत तोंड करूनच उभ्या होत्या. स्वयंपाकघराकडे."

मंजुनाथने आसावरीला कधी पाहिलेलं नव्हतं. तो यायच्या आधीच ती गेली होती.

नंदूने स्वयंपाकघर बंद केलं. खाली दर्शिनीत इडली खायची, तिथेच कॉफी घ्यायची. घरात त्याचा पाय ठरत नसे. हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून खोलीत, खोलीतून परत हॉलमध्ये. पाणी प्यायला ओट्यापाशी जावं लागलं तर तो दात घट्ट मिटून जायचा. शिंक आली तरी बाहेर येऊन शिंकायचा.

पण गेम लावल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं. तो शालनला नुसती फिरवायचा. जिथे प्रश्न नाहीत अशा जागा शोधायच्या, रानातल्या वाटा, बाजार, ओसाड घाट. कुणी माणूस बोलायला पुढे आला की तिला वळवून दुसरीकडे न्यायची. ती चालायची आणि तो बघत बसायचा. तिचा चेहरा दिसावा म्हणून त्याने कंट्रोलरची काडी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. ती जिकडून बघावं तिकडून पाठमोरीच राहिली.

एका दुपारी त्याने टीव्ही लावला तर ती रानात नव्हती. आदल्या दिवशी त्याने तिला तिथेच सोडून गेम बंद केला होता. ती मोठ्या नदीच्या काठावर उभी होती. पुढ्यात एक होडी, रिकामी. बटणं दाबली तरी ती हलेना.

पडद्यावर प्रश्न आला. पलीकडे जायचं आहे. सोबत कोणाला नेऊ?

धाकटी बहीण. स्वयंपाकी. कोणी नाही.

बहीण आणि स्वयंपाकी ही पहिल्या भागापासूनची माणसं. तिरंदाज पोरगी आणि तळावर रांधणारा एक बुवा. दोघांनाही बरोबर ठेव असं त्या वेळी नंदूनेच सांगितलं होतं, बटाटे सोलत.

वेळेची पट्टी अर्ध्यावर थांबली होती. तो बराच वेळ बसून राहिला. मग स्वयंपाकघरात गेला, ओट्याकडे तोंड केलं, आणि जे पर्यायांत नव्हतं तेच म्हणाला.

"थांब. कुठेच जाऊ नकोस."

मागे नदीचा आवाज येत होता. त्यात काही बदललं नाही. तो बाहेर आला. शालनने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला होता, एवढंच.

त्याने प्लग उपटला. वायरी गुंडाळल्या, डबा कपड्यांखाली कपाटात ठेवला.

रविवारी श्वेता आली. दारातूनच तिने वास घेतला. "हे काय जिजू, काहीच शिजलेलं नाही? निपाणीचे आचारी संपावर?"

"खाली जाऊ. डोसा खाऊ."

"चहा तरी टाकते."

"श्वेता, आत जाऊ नकोस. गॅस संपलाय."

ती सोफ्यावर बसली. हसली, मग हसू मावळलं. "तुम्हाला एक गंमत सांगू? हसायचं नाही. मी बॅग भरलीय."

"कुठे चाललीस?"

"तेच तर. कुठेच नाही! बुधवारपासून वाटतंय की कुठेतरी जायचंय. आज उठले तर बॅग भरून दारापाशी होती. मीच भरली असणार ना? पीजीतली मुलगी म्हणाली, झोपेत भरत होतीस. नीट घड्या घालून. स्वेटरसुद्धा. आता बंगळूरात एप्रिल लागला, स्वेटर कशाला?"

प्लग त्याने मंगळवारी काढला होता.

नंदू उठला. कपाटातून डबा काढला, वायरी जोडल्या. त्याला वाटत होतं की पडदा काळाच राहील. नदी लगेच आली. शालन तिथेच उभी होती.

"अय्या, शेवटाला पोचलात?" श्वेता पुढे सरकली. "धाकटीला घ्या, जिजू. नेटवर सगळे म्हणतात तोच शेवट सुखाचा. दोघी पलीकडे घर बांधतात."

"तू बोलू नकोस."

"मी कुठे बटण दाबतेय?"

"आणि एकटी गेली तर?"

"मग संपलंच. मागे काही राहत नाही. सेव्हसुद्धा पुसून जातं म्हणे, पहिल्या भागापासूनचं सगळं. कुणीच नाही घेत तो शेवट. ताईचं सगळं जाईल ना."

"आणि स्वयंपाकी?"

तिने खांदे उडवले. "तो बुवा काय, तो तर उडीच मारून बसतो होडीत."

आपणच जावं तिच्याबरोबर, हाही विचार नंदूने केला होता. त्या आठवड्यात एकदा तो ओट्यापर्यंत जाऊन आला होता. पण निपाणीचा फोन वाजला. जेवलास का?

त्याने श्वेताला खाली नेलं, डोसा खाऊ घातला. ती अर्धा टाकून उठली. स्कूटर चालू करताना तिने विचारलं, "जिजू, इथून नदी कुठल्या बाजूला आहे हो?"

"बंगळूरात नदी नाही, श्वेता."

"हो ना," ती म्हणाली. "मलाही तसंच वाटत होतं."

तिला सरळ घरी जायला सांगितलं. पोचल्यावर फोन कर म्हणाला. मग जिने चढून वर आला.

हॉलमध्ये ऊन होतं. पडद्यावर प्रश्न तसाच होता.

होडी मात्र रिकामी नव्हती.

फळीवर एक बॅग ठेवलेली होती. निळी, चेनवाली, आजच्या काळातली. तिच्या वरच्या खिशातून स्वेटरची बाही बाहेर आली होती.

वेळेची पट्टी हलू लागली होती. अगदी हळू.

फोन वाजला. श्वेता पोचली होती. ती काहीतरी सांगत होती. बॅग कुठे गेली असं विचारत होती, की बॅग मिळाली असं सांगत होती, ते त्याने नीट ऐकून घेतलं नाही. दार आतून लावून घे एवढं तो म्हणाला.

मग तो स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर धूळ होती, ती त्याने हाताने पुसली. टीव्हीकडे पाठ केली. हॉलमधून नदीचा आवाज येत होता आणि आता त्यात कुणीतरी अगदी जवळ, दाराच्या चौकटीशी उभं राहून वाट बघत असल्यासारखा श्वास होता. वळून बघितलं असतं तर चेहरा दिसला असता.

तो वळलेला नाही. 'एकटी जा' एवढंच म्हणायचं आहे. ते अजून म्हणून झालेलं नाही.